मशीनला बोलतं करणारी दैवशाला

जुन्या जालन्यात धान्याच्या ठोक दुकानांवर, लाकडी जिना चढून गेलं की दैवशालाचं दुकान. पाटीवर 'सर्व प्रकारची कंट्रोल कार्डं दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलंय, पण पाटी कुणी वाचत नाही. एमआयडीसीतल्या बियाणे प्लँटवाल्यांना जिनाच पाठ आहे. आत टेबलावर एक भिंग, सोल्डरिंग आयर्न, कोपरे झिजलेला लॅपटॉप आणि लाल नेलपॉलिशची बाटली. नेलपॉलिश नखांसाठी नाही. दुरुस्त केलेल्या कार्डाच्या प्रत्येक स्क्रूवर ती एक बारीक ठिपका ठेवते. कार्ड परत आलं आणि ठिपका फुटलेला दिसला की भुवई वर.

"कुणी खोललं?"

"कुणीच न्हाई ताई. तुम्ही दिल्तं तसंच हाय."

"मंग ठिपका काय उन्हानं फुटला?"

नवरा अंगद जेवणाचा डबा घेऊन कामावर निघताना म्हणतो, "झाकणाला ठिपका लावला नाहीस ना?" म्हणतो हसत, पण एकदा जिन्यात थांबून त्याने झाकण खरंच निरखून पाहिलं होतं.

दैवशाला कुंभार पिंपळगावची. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात सोळा पोरं आणि ती एकटी. तिचा मीटर रोज कुणीतरी बिघडवून ठेवायचं आणि कुणीच बिघडवलेला नसायचा. संशयाची सवय तिथूनच लागली असावी. तिला धंद्याचं वळण मिळालं ते दोन वर्षांपूर्वी. एका प्लँटवाल्यांनी जळलेलं कार्ड आणून आदळलं आणि म्हणाले, तुमच्याकडून आलं ते असंच आलं. पुरावा काय, तर काहीच नाही. तिने मुकाट्याने नवीन करून दिलं. पुढे कळलं, त्यांच्याच वायरमनने उलटी वायर जोडली होती. त्या दिवशी तिने ठरवलं, माणसांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं हे बस झालं. आता मशीननेच सांगायचं.

मशीन सांगतं कसं, ते समजून घ्यायला अवघड नाही. कार्ड म्हणजे बियाण्याच्या बॅगा तोलून भरणाऱ्या मशीनचा मेंदू; त्याला वीज मिळाली की वजनाचा मोठा प्रोग्राम लगेच चालू होत नाही. त्याच्या आधी चिपमधला एक छोटा प्रोग्राम उठतो, त्याला बूटलोडर म्हणतात. सकाळी दुकान उघडणाऱ्या मुनिमासारखा तो आधी फेरी मारतो. वीज पुरेशी आहे का, मेमरी जागेवर आहे का, मागच्या वेळी आपण कशाने बंद पडलो, मोठा प्रोग्राम शाबूत आहे का. सगळं बराबर दिसलं तरच आतलं दार उघडतो. आणि ही फेरी मारताना तो पुटपुटत असतो. कार्डाच्या कोपऱ्यातल्या तीन पिनांना वायर लावून लॅपटॉप जोडला की ते पुटपुटणं ओळीओळीने पडद्यावर उमटतं. तो लॉग. लॅपटॉप जोडलेला नसला तरी शेवटच्या शंभरेक ओळी चिप मेमरीत धरून ठेवते आणि पुन्हा सुरू होताना आधी त्या म्हणून दाखवते. अट एकच, मधे मेन स्विच बंद व्हायला नको. वीज पूर्ण गेली की ती मेमरी कोरी.

बॅगा भरायच्या मशीनची ही कार्डं बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तिचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून फिरत फिरत यंदा होळीच्या सुमारास दैवशालाकडे आला. कंपनीने बूटलोडरला कमी बोलायची शिस्त लावली होती: चूक झाली तरच तोंड उघडायचं. दैवशालाने त्यातला एक आकडा बदलला. आता सगळं बोल. प्रत्येक बॅगेचं वजनसुद्धा नोंदव. उद्या कुणी माझ्यावर आलं तर तू माझा साक्षीदार.

होळीनंतर तिच्या हाताखालून गेलेली आठ प्लँटची आठही कार्डं अशी बोलकी होऊन गेली.

वैशाखात, सोयाबीनच्या बियाण्याचा हंगाम अगदी अंगावर आलेला असताना, एमआयडीसीतल्या एका प्लँटचे मॅनेजर राधेश्यामजी यांचा फोन आला. "ताई, या. वजनाचं मशीन रोज दगा देऊन राह्यलं."

गेली. राधेश्यामजींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं.

"मशीन खराब न्हाई ताई. माणूस खराब आहे."

"कोणता?"

"इजहार. दोन ते दहाची पाळी त्याची. सकाळच्या पाळीला अप्पाराव आहे, त्याच्या हातात एकदाही बंद न्हाई. इजहारच्या पाळीत रोज पाच-सव्वापाचला स्क्रीन लुकलुकतो न् मशीन ठप. पाच-सव्वापाचला काय असतं?"

"काय असतं?"

"नमाजाचा टाइम." राधेश्यामजी मागे टेकले. "आणखी सांगतो. हे मशीन होळीपर्यंत गाईसारखं गरीब होतं. होळीनंतर बंद पडाया लागलं. होळीनंतर इथं नवीन कोण आलं? इजहार."

 हिशोब दैवशालाला पटला. असाच हिशोब तिनेही मांडला असता.

तिने पॅनल उघडलं, वायर लावली, लॉग मागवला. कालच्या बंद पडण्याची एक ओळ नाही. मेमरी धुऊन ठेवल्यासारखी.

"पुसलं ना?" राधेश्यामजी खांद्यावरून वाकले.

"मेन बंद केल्यावर पुसलं जातं. बंद पडल्यावर मेन कोण खाली ओढतं?"

"तोच. आम्ही पोचेपर्यंत ओढून बसलेला असतो." आता ते हसले. "घ्या. शनिवारी मालक येऊन राह्यले. संध्याकाळी सातला इजहारचा कागद त्यांच्या सहीला ठेवतो. तेवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, मशीन ठीक आहे म्हणून. नोकरी गेली की भानावर येईल."

निघताना तिने इजहारला गाठलं. सत्ताविशीचा, दाढीत बियाण्याची धूळ बसलेला गडी. तिच्या हातातली वायर त्याने आधी पाहिली, तिच्याकडे मग.

"मेन तू ओढतोस?"

"मीच ओढतो. त्याबिगर चालूच होत न्हाई."

"थोडं थांबून पाह्यलं का कधी?"

"थांबू कसा म्याडम? खाली बाया बॅगा धरून उभ्या, वर हॉपरात माल. तुम्ही थांबाल?"

"पाचला नमाजाला जातोस?"

 इजहार खळखळून हसला, पण डोळे हसले नाहीत. "आमच्या अम्मीला सांगा हे, खूश होईल. मी जुम्म्याचाच नमाजी. रोजच्या नमाजावरून घरात रोज शिव्या खातो न् इथं येऊन त्याच नमाजापायी चोर ठरतो. वा!"

उत्तर चोख होतं. तिला तयार उत्तरं आवडत नसत.

कार्ड तिने दुकानात आणलं. मशीनवर तोवर दुकानातलं एक जुनं कार्ड बसवून दिलं; ते दोन दिवस बिनतक्रार चाललं, तर राधेश्यामजी फोनवर म्हणाले, पोरगा सावध झालाय. टेबलावर हे कार्ड दोन दिवस चालवलं. एकदाही लुकलुकलं नाही. म्हणजे मशीन ठीक. म्हणजे इजहार. शनिवारी सकाळी कार्ड परत बसवायला प्लँटचा माणूस येऊन घेऊन गेला. दुपारी तिने लेटरहेड समोर ओढलं, तारीख टाकली, 'सदर मशीनची तपासणी केली असता' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं.

राधेश्यामजींना एवढी खात्री आहे, तर माझा कागद कशाला हवाय? उद्या पोरगा भांडायला उभा राहिला, तर ते म्हणणार, आम्ही न्हाई बुवा, दैवशालाताईंनी लिहून दिलं.

आता संशयाचं टोक राधेश्यामजींकडे फिरलं. ती लॅपटॉप पिशवीत घालून उठली. फोन केला नाही. येणार म्हणून सांगितलं की माणसं आवरून बसतात.

पावणेपाचला ती गेटमधून आत शिरली तेव्हा मशीन धडधडत होतं. हॉपरच्या नरसाळ्याखाली बॅग लागत होती, तीस किलो भरलं की सुटत होती, आणि पुढे कांताबाई शिलाईच्या मशीनवर तिचं तोंड शिवत होती. कांताबाई त्या प्लँटमध्ये मालकाच्याही आधीपासून.

"आल्या का सीआयडी?" कांताबाई ओरडली. "इजहार, केस विंचर, तुझा फोटू काढतेत!"

इजहार हसला नाही. "आज शनिवार. मालक यायचेत. कागदाचं कळलंय मला, म्याडम. त्याच्यावर तुमची सही लागती म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"भिंतीनं." त्याने पुढची बॅग लावली. "माझ्या घरात कमावणारा मी एकटा. लिहायचं ते बघून लिहा, एवढंच."

तिने पॅनल उघडून वायर लावली, खोक्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. त्याचे दोन्ही हात दिसतील असं. तोही तिच्या हातांकडे बघत राहिला. वीस मिनिटं दोघं एकमेकांचे हात राखत बसले.

"दोघांचं लग्न लावायचं का काय?" कांताबाई म्हणाली. "नजर हटंना."

"मावशी, तुम्ही शिलाई बघा, वाकडी चालली."

"तीस वर्षं झाली, वाकडी चालली न्हाई माझी!"

पाच वाजून सात मिनिटांनी शेजारच्या लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलचा भोंगा झाला. दुसरी पाळी. पत्र्याच्या पलीकडे काहीतरी अवजड घरघरलं, छतावरचे दिवे क्षणभर पिवळे पडले आणि मशीनचा स्क्रीन लुकलुकला. विझला. पेटला. पुन्हा विझला. बॅग अर्ध्यावर लटकली.

इजहारचे हात जागेवरच होते. हे तिने पाहिलं. मग त्याचा उजवा हात मेनकडे गेला.

"हात लावू नको!"

एवढी ओरडली की शिलाईचं मशीनसुद्धा थांबलं. "म्याडम, माल सांडतोय…"

"सांडू दे! मेनला शिवलास तर तुझ्याबाजूनं बोलणारं काहीच राहणार न्हाई. थांब."

इजहार हात हवेत धरून थांबला. लॅपटॉपवर ओळी पडू लागल्या. इंग्रजीतल्या त्या तुटक ओळी दैवशाला मनातल्या मनात मराठीतच वाचते. मागचं कारण: वीज कमी पडली. मेमरी ठीक. मागचा लॉग वाचून दाखवतो. बॅग एकशे नव्वद, तीस किलो. बॅग एकशे एक्याण्णव, तीस किलो. ओळी सरसर खाली धावत गेल्या. बॅग दोनशे छत्तीस, ती

ओळ तिथेच तुटली. पुन्हा पहिल्यापासून. मागचं कारण: वॉचडॉग. मेमरी ठीक. मागचा लॉग वाचून दाखवतो. बॅग एकशे नव्वद…

पुन्हा तुटली. जवळपास त्याच जागी. पुन्हा. पुन्हा.

वॉचडॉग म्हणजे चिपमधलंच एक घड्याळ. प्रोग्रामने दर दोन सेकंदांनी त्याला 'मी जागा आहे' असं सांगायचं. सांगितलं नाही की ते समजतं, हा अडकला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. दोन सेकंदांपलीकडे ते कुणावर विश्वास ठेवत नाही. आणि तीन पिनांच्या त्या वायरीतून सेकंदाला जातात जेमतेम साडेनऊशे अक्षरं. मेमरीत साठलेला लॉग चार हजार अक्षरांचा. बूटलोडर बिचारा पाठ म्हणत बसतो, दोन सेकंद उलटतात, घड्याळ त्याला पुन्हा उभं करतं, तो पुन्हा पाठ म्हणायला लागतो. मेन ओढला की मेमरी कोरी. म्हणायलाच काही नसलं की तो झटक्यात सुरू होतो. म्हणून मेन ओढल्याशिवाय मशीन चालूच होत नव्हतं. म्हणून अप्पारावच्या पाळीत काही होत नव्हतं, सकाळी मिल अशी उठत नाही. आणि म्हणूनच तिच्या टेबलावर दोन दिवसांत काही झालं नाही. तिथे वीज दबतच नव्हती.

पोरगा खरं बोलत होता. एकूण एक शब्द खरा.

आणि त्या लांबलचक ओळी? त्या कंपनीच्या नव्हत्या. त्या बोलायला कार्डाला शिकवलं होतं दैवशालाने. कंपनीचा बूटलोडर एका सेकंदात उठला असता, स्क्रीन एकदा लुकलुकला असता, कुणाला कळलंही नसतं.

"काय म्हणतंय?" इजहारने विचारलं. हात अजून हवेतच.

सगळ्या प्लँटमध्ये त्या ओळी वाचू शकणारी ती एकटीच होती. हे तिला फार स्पष्ट जाणवलं.

"वीज कमी पडतेय," ती म्हणाली. "मिलमुळे. ओढ आता मेन."

राधेश्यामजींच्या टेबलावर कागद टाइप होऊन तयार पडला होता. तिने विजेचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मिल दहा वर्षांची आहे. दहा वर्षं रोज पाचला दिवे पिवळे पडतात. मशीन होळीनंतरच का बंद पडलं? माझ्या सवालाचा जवाब द्या, मी कागद फाडतो."

जवाब तिला माहीत होता. अर्धं सांगून भागत नव्हतं. आठ प्लँटमध्ये तिचं नाव होतं, एकाला कळलं म्हणजे आठांना कळलं. खिडकीतून खाली इजहार दिसत होता. सांडलेलं बियाणं फावड्याने गोळा करत होता आणि मधूनच वर बघत होता.

"होळीनंतर दोन गोष्टी नवीन आल्या," दैवशाला म्हणाली. "एक इजहार. दुसरं माझं कार्ड. तुम्ही एकच मोजली. मी बी एकच मोजली."

"मतलब?"

"मतलब चूक माझी आहे. कार्डाला मी नको तेवढं बोलायला लावलं. ते बोलत बसतं, म्हणून उठत न्हाई."

 राधेश्यामजींनी आवाज खाली आणला. "त्यानं काही सांगितलं का तुम्हाला? रडला? घरची परिस्थिती वगैरे?"

"न्हाई."

"मंग दया आली असेल. ताई, वीस वर्षं धंद्यात आहे मी. स्वतःची चूक अशी कुणी स्वतःहून सांगतं का? त्याला वाचवायला सांगून राह्यल्या तुम्ही."

दैवशालाला हसू येईना आणि रडूही. आयुष्यभर खोटं पकडलं, आणि आता खरं बोलली तर त्यावर विश्वास बसत नाही.

"खाली चला," ती उठली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बिलकुल ठेवू नका. चला."

साठ-सत्तर बॅगा भरू दिल्या, लॉग साठू दिला. मग तिने पॅनलच्या आतलं रिसेटचं बटण दाखवलं. "इजहार, तू तिकडं जा, भिंतीशी. हात वर ठेव."

"आता हातबी वर!" कांताबाईने कपाळाला हात लावला.

"राधेश्यामजी, तुमच्या बोटानं दाबा."

त्यांनी दाबलं. स्क्रीन विझला, पेटला, विझला, पेटला. एक मिनिट. दोन मिनिटं. इजहार भिंतीशी, हात वर.

"आता थांबा." तिने मेन ओढून पुन्हा वर केला, लॅपटॉपवर तो एक आकडा पूर्वीसारखा केला आणि नवा प्रोग्राम चिपमध्ये चढवला. पुन्हा साठ-सत्तर बॅगा. "दाबा."

दाबलं. स्क्रीन एकदा लुकलुकला आणि वजनाचा आकडा समोर आला. बॅग लागली. तीस किलो. सुटली.

राधेश्यामजींनी आणखी चार वेळा दाबून पाहिलं. तिला आवडलं ते. तिनेही दाबलं असतं.

"चूक तुमची, हे लिहून द्याल?" शेवटी ते म्हणाले. "मालकाला मी काय दाखवू?"

"द्या कागद."

अर्धवट लेटरहेड तिच्या पिशवीतच होतं. ते तिने फाडलं आणि नवीन कागदावर मशीनच्या झाकणावरच लिहिलं. बंद पडण्याचं कारण, कुणी केलं, कधीपासून. इजहार शेख यांचा यात काहीही दोष नाही. खाली सही. राधेश्यामजी कागद घेऊन वर गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, "पुढच्या हंगामाचं कार्डांचं काम… बघू." त्या 'बघू'चा अर्थ तिला कळला.

उरलेल्या सात प्लँटमध्येही जायचं होतं. सगळीकडे हेच बोलायचं होतं, आणि कदाचित सगळीकडे हे बटण दाबून दाखवायचं होतं. ती वायर गुंडाळू लागली.

इजहार जवळ आला. आभार मानेल असं तिला वाटलं. ते कसे टाळायचे याचा ती विचारही करत होती.

"म्याडम," तो म्हणाला, "तुम्ही जे लिहून दिलं, त्याची एक कॉपी मला पायजे."

"कशाला? राधेश्यामजींकडं आहे ना."

"त्यांच्याकडं आहे, म्हणूनच."

दैवशालाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग स्टूल पुन्हा ओढलं, दुसरा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला बसली. इजहार खांद्यावरून वाकून एकेक शब्द ताडून बघत होता.

"तारीख राह्यली," तो म्हणाला.